घरातल्या ज्येष्ठांचं वजन या रविवारच्या आत करा

घरात साठी उलटलेलं कुणी असेल, तर येत्या रविवारच्या आत त्यांचं वजन करून घ्या. घरी काटा नसला तरी औषधांच्या दुकानात, दवाखान्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रात तो असतोच. चप्पल काढून, रोजच्या कपड्यांत उभं करा आणि आलेला आकडा तारखेसकट कॅलेंडरवर लिहून ठेवा. मागचा आकडा जुन्या केसपेपरवर सापडेल. काही न ठरवता सहा महिने ते वर्षभरात वजन ५ टक्क्यांनी उतरलं असेल, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलो, तर पंधरा दिवसांच्या आत डॉक्टर गाठा. घास गिळायला त्रास होत असेल, शौचाला काळं किंवा रक्त पडत असेल, रोज संध्याकाळी कणकण असेल, तर पंधरा दिवसही थांबू नका.

जुना आकडा मिळाला नाही, तरी कपडे खरं सांगतात. दोन्ही बाजूंनी टाके घालून आवळलेला ब्लाउज, कोपरापर्यंत सरकणारी बांगडी, पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं नवं भोक, बोलता बोलता सुटणारी कवळी. पावलांवर सूज असेल तर मात्र काटा फसवतो. अंगातलं मांस झडलेलं असतं आणि त्याची भरपाई साठलेलं पाणी करतं.

सगळ्यात जास्त नुकसान करतं ते ‘आता वयच झालं’ हे वाक्य. निरोगी म्हातारपणात वजन वर्षाला शे-दोनशे ग्रॅमने उतरतं. वर्षात पाच किलो गेले, तर ते वयाच्या खात्यावर टाकता येत नाहीत. मधुमेह असलेल्यांच्या घरी उलट कौतुक होतं, ‘बरं झालं, अंग उतरलं!’ साखर हाताबाहेर गेली तरीही माणूस असाच वाळतो, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात येत नाही.

कॅन्सर निघेल या धास्तीने अनेकजण तपासणीच टाळतात. तो असू शकतो: जठराचा, आतड्याचा, फुप्फुसाचा. मिश्री-तंबाखूची सवय असेल तर तोंड उघडून आतून पाहायलाच हवं. पण कारणांची यादी त्याच्यापाशी संपत नाही, आणि तिच्यातली बरीच कारणं औषधाने बरी होणारी आहेत. क्षयरोग घ्या. उतारवयात त्याचा खोकला-ताप ठळक नसतो, माणूस नुसता खंगत जातो. त्याची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रात मोफत आहेत. थायरॉइड वाढला तरी वजन उतरतं. मेटफॉर्मिनसारख्या गोळ्यांनी काहींची भूक मरते. म्हणून जाताना चालू औषधांची सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, मात्र आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नका. दाताचं दुखणं तर आपण आजारांत धरतच नाही. भाकरी चावत नाही म्हणून चहात बुडवलेल्या बिस्किटांवर महिनोन् महिने दिवस काढणारी माणसं घरोघरी आहेत.

आणि एकटेपण. आजोबा गेल्यावर आजीचा स्वयंपाकच थांबतो. एकटीसाठी काय मांडायचं? दुपारी दुधात कुस्करलेली पोळी, रात्री पुन्हा चहा. त्यात सोमवार, गुरुवार, एकादशी, आणि उपासाला तो साबुदाणा, ज्यात पिठुळपणापलीकडे फारसं काही नाही. मुलगा फोनवर विचारतो तेव्हा ती ‘जेवले हो’ म्हणते, आणि तिच्या हिशेबाने ते खरंच असतं. परगावी, परदेशी असलेल्या लेकरांनो, ‘जेवलीस का’ विचारू नका, ‘आज काय काय खाल्लंस’ असं विचारा. तीच तीच उत्तरं येत असतील किंवा खाल्लेलंच आठवत नसेल, तर विसरभोळेपणा आणि नैराश्य या दोन्हींची तपासणी करून घ्या.

भूक वाढवणारं सिरप परस्पर आणून देऊ नका. त्यातल्या काहींनी वयस्कर माणसाला गुंगी येते, बोलणं असंबद्ध होतं, तोल जातो. वर खरा आजार झाकलेला राहतो तो वेगळाच. डॉक्टरांकडे सुरुवात साधीच असते: रक्त, साखर, थायरॉइड, यकृत-मूत्रपिंड, लघवी, छातीचा एक्स-रे, शौचातून न दिसणारं रक्त जातंय का ते. साधारण चौघांपैकी एकाच्या बाबतीत एवढं करूनही कारण हाती लागत नाही. तेव्हा ‘सगळं नॉर्मल आलं’ म्हणून फाइल माळ्यावर टाकू नका. दर महिन्याला वजन करा आणि तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा.

ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मनाच्या आजारांसाठी १४४१६ या सरकारी हेल्पलाइनवर मोफत सल्ला मिळतो. तुमच्या वाड्यात, सोसायटीत, आळीत एकटं राहणारं कुणी असेल, तर त्यांना काट्यापर्यंत तुम्हीच घेऊन जा. त्यांच्या मुलांना कळवायचं कामही तुम्हीच करा, आणि कळवताना किती किलो उतरले तो आकडा सांगा.