शेअरचा भाव आणि शेअरचे मोल

असोसिएटेड सिमेंट अर्थात ए.सी.सी. या मुंबईच्या जुन्या कंपनीचा शेअर 1991-92 च्या तेजीत सुमारे 200 रुपयांवरून 9,000 रुपयांच्या आसपास गेला. तेवढ्या अवधीत कंपनीचे सिमेंट काही 45 पटींनी वाढले नव्हते. तेजीचा सूत्रधार हर्षद मेहता याने तिचे समर्थन मात्र शास्त्राच्या भाषेत केले. तसाच कारखाना आज नव्याने उभारावयाचा तर जो खर्च येईल, तोच कंपनीच्या मूल्याचा निकष होय, असा त्याचा दावा होता.

हा निकष वरवर पटण्याजोगा आहे. परंतु विहिरीचे मोल खोदकामाच्या खर्चावर ठरत नाही, लागलेल्या पाण्यावर ठरते. शेअर म्हणजे कंपनीच्या भावी नफ्यातील हिस्सा. तेव्हा पुढे मिळणाऱ्या लाभांशांची आजची किंमत हेच त्याचे मोल.

खरी अडचण येथेच सुरू होते. एखादा शेअर येत्या वर्षी 10 रुपये लाभांश देणार आहे आणि गुंतवणूकदाराला 10 टक्के परतावा हवा आहे, असे समजू. लाभांश कायम तेवढाच राहणार असेल, तर शेअरचे मोल 100 रुपये. तो दरसाल 5 टक्क्यांनी वाढत राहील असे धरले, की 200. 8 टक्के धरले, की 500! कारखाना तोच, कामगार तेच. बदलला तो केवळ अंदाज. तेजी-मंदी ही बहुतांशी या अंदाजाचीच भरती-ओहोटी होय. 1992 मध्ये तर त्या अंदाजामागे बँकांचा पैसा गैरमार्गाने उभा करण्यात आला होता. तो आटताच भाव कोसळले.

त्याच वर्षी 1947 चा भांडवल उभारणी नियंत्रण कायदा रद्द झाला आणि नव्या शेअरांच्या किमतीवरील सरकारी नियंत्रण संपले. ते योग्यच झाले. गतवर्षांच्या ताळेबंदावरून भविष्याचे मोल ठरविणे हाही हटवादच होता. मात्र त्याबरोबर पारख करण्याची जबाबदारी खरेदीदारावर आली. शेअरबाजाराशी आपला संबंध नाही, असे म्हणण्याची सोय आता शिक्षकाला वा कारकुनालाही उरलेली नाही. कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीतील नव्या रकमांचा काही हिस्सा 2015 पासून, तर राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतील काही पैसा त्याच्याही आधीपासून या बाजारात जात आहे.

म्हणून ‘भाव आणखी चढेल काय?’ हा प्रश्न बाजूस सारून, ‘आजचा भाव खरा ठरण्यास नफा किती वाढावा लागेल, आणि तो तसा वाढेल काय?’ असे विचारले पाहिजे. निधीच्या विश्वस्तांनीही याचे उत्तर सभासदांपुढे मांडावयास हवे. ज्यांच्या म्हातारपणाची पुंजी त्या अंदाजावर अवलंबून आहे, त्यांना तो जाणून घेण्याचा हक्क आहे.