तीन पांढरे पाय

दसरा उलटल्यावर एके सायंकाळी इंदुरातील एक तरुण आम्हांकडे आला. वरातीसाठी घोडी पाळण्याचा त्याच्या घरचा धंदा तीन पिढ्यांचा. "फादर," तो म्हणाला, "आमची घोडी यंदा सारंगखेड्याच्या प्रदर्शनात उभी करायची आहे. नंबर आला तर तिच्या शिंगराला भाव येईल, आणि धाकटीच्या नर्सिंगची फी निघेल. तुमचे आजोबा टांगा हाकीत, म्हणून विचारायला आलो." आजोबांची विद्या नातवात कितीशी उतरणार? तरी आम्ही घोडी पाहावयास गेलो.

घोडी अबलख नव्हे, तांबूस; उंची ५४ इंच; बाप मारवाडी, आई गावठी तट्टांच्या कुळीची. मारवाडी घोड्याच्या कानांची टोके आत वळून एकमेकांस भिडतात. हिची दोन बोटांवर थांबलेली. कपाळावर पांढरा पट्टा, आणि पायांपैकी तीन पांढरे.

वाचकहो, मिश्र रक्त हे लाजेचे कारण नव्हे. भीमेच्या खोऱ्यातील तट्टांशी अरबी घोड्यांचा संकर होऊन जे भीमथडीचे तट्टू निपजले, त्याच जातीच्या काटक तट्टांवर मराठी फौजांनी दूरदूरची मजल मारली. पहिले मल्हारराव होळकर (मृत्यू १७६६) ह्यांच्या स्वारांनी माळवा पालथा घातला, तो दिखाऊ घोड्यांच्या बळावर खचित नव्हे. आज हे तट्टू मुख्यतः धनगरांचा संसार पाठीवर वाहते. स्वतंत्र जात म्हणून त्याला सरकारी नोंदणीपत्र मिळाले, ते २०२४ साली.

असो. हाती दोन महिने होते. मुलाचा बेत होता की शेवटच्या आठवड्यात शाम्पू आणून घोडी चकचकीत करावी. आम्ही त्याला सांगितले की कातडीची चकाकी बाटलीतून येत नाही. ती चंदीतून आणि मनगटातून येते. रोज पहाटे खरारा, मग मऊ कुंचा, मग फडक्याने अंग घासणे, असा अर्धा तास तरी. साबणाने कातडीचे अंगचे तेल जाते, म्हणून शेवटचे स्नान प्रदर्शनापूर्वी दोन-तीन दिवस उरकावे. चंदीत मूठभर शिजवलेली अळशी. चंदी वाढवायची ती हळूहळू, आठवडाभर लावून. कारण घोड्याचे पोट त्याच्या देहाच्या मानाने लहान, आणि त्याला ओकता येत नाही. एकाच दिवशी हरभऱ्याची पाटी पुढे केली तर पोटशुळाने जनावर दगावते. कडबा-गवत मात्र दिवसभर थोडे थोडे हवेच. माळव्याच्या थंडीत केस वाढून अंग बोथट दिसू लागते, म्हणून रात्री झूल. नालबंदाला आठवडाभर आधी बोलवावे, आदल्या दिवशी नव्हे. नवा नाल बोचला तर घोडी लंगडेल.

आयाळ कात्रीने कापू नये, बोटांनी विंचरावी. ओठांवरचे राठ केस तर मुळीच कापू नयेत. त्या केसांनी घोडा अंधारात चारा चाचपतो. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने ते कापण्यास २०२१ पासून बंदी घातली आहे.

आणि सर्वांत दुर्लक्षिलेली गोष्ट म्हणजे उभे राहणे. पंचापुढे घोडी चारही पायांवर सरळ उभी राहिली पाहिजे, मग सैल लगामाने सरळ रेषेत चालत जाऊन दुडक्या चालीने परत आली पाहिजे. वरातीच्या घोडीला ढोलापुढे नाचण्याची सवय. तिला स्वस्थ उभे करणे हेच कठीण. मुलगा रोज संध्याकाळी घरामागच्या मोकळ्या जागेत हाच धडा गिरवी, आणि घोडीपेक्षा तोच आधी कंटाळे.

नोव्हेंबरात एक दलाल आला. तीन पांढरे पाय म्हणजे खोट, तो म्हणाला. चौथ्याला केसांचा रंग उडविणारे औषध लावा, घोडी पंचकल्याण होईल, किंमत दुप्पट. कानांची टोके दोऱ्याने बांधून ठेवण्याचाही सल्ला त्याने दिला. मुलगा आम्हांकडे आला तेव्हा औषधाची बाटली त्याच्या खिशात होती. "फादर, सगळेच करतात." आम्ही एवढेच विचारले, "घेणाऱ्याच्या दारात नवे केस उगवतील, तेव्हा तू कोठे असशील?" कातडी भाजते हेही सांगितले. तो काही न बोलता गेला. बाटलीचे काय झाले ते आम्ही विचारले नाही. धाकटीच्या फीचा आकडा आम्हांसही ठाऊक होता.

मार्गशीर्षात घोडीची ग्लँडर्सची रक्ततपासणी झाली, दाखला मिळाला, आणि टेंपो निघाला. खलघाटास नर्मदा ओलांडून, सेंधव्यापुढे बिजासनी घाट उतरून शिरपूर, तेथून शहाद्याच्या वाटेने तापीकाठचे सारंगखेडे. दत्तजयंतीची यात्रा भरली होती. पंजाबचे उंचेपुरे नुकरे, मारवाडी, काठेवाडी, ह्यांच्या रांगांत आमची ५४ इंची घोडी शोधावी लागली.

रिंगणात ती स्वस्थ उभी राहिली. पंचाने दात पाहिले, मग वाकून एकेक खूर उचलला. चौथ्या, काळ्या पायाशी तो थांबला, बोटे ओली करून केसांवर उलटी फिरवली, बोटांकडे पाहिले आणि पुढे गेला. त्याच रांगेतील दुसऱ्या एका घोड्याच्या पायाशी त्याची बोटे पांढरी झाली. त्या घोड्याला बाहेर काढण्यात आले.

आमच्या घोडीचा नंबर आला नाही. संध्याकाळी एक धनगर येऊन तिची चाल दोनदा पाहून गेला, आणि पुढल्या शिंगरासाठी थोडी रक्कम विसार म्हणून मुलाच्या हातावर ठेवून गेला. फीला ती पुरणारी नाही. मुलगा परत आल्यावर दुसऱ्या पहाटे आम्ही त्या गल्लीतून जात होतो, तो आतून खराऱ्याचा आवाज येत होता.