रोपं लावण्याआधी धुमारे वाचवा

फेब्रुवारी सरला की महाड-पोलादपूरच्या डोंगरांवर रात्री लाल रेघा दिसू लागतात. कुठे शेतात पालापाचोळ्याचा राब जाळताना, म्हणजे भाजावळीत, उडालेली ठिणगी वाऱ्याने रानात जाते, कुठे कोवळं गवत लवकर यावं म्हणून कुणी मुद्दाम काडी लावतो. सकाळपर्यंत उतार काळा झालेला असतो. मग पावसाळ्यात तिथे खड्डे खणून रोपं लावली जातात आणि पुढच्या वणव्यात तीही जातात.

खड्डा खणण्याआधी त्या उतारावर वाकून पाहायला हवं. कुड्याचं काठीएवढं खोड जळून कोळसा झालेलं असतं, पण त्याच्या बुडातून कोवळे कोंब वर आलेले असतात. पान खुडलं की पांढरा चीक येतो. हातभर अंतरावर दुसरा कोंब दिसतो. तो बियांतून आलेला नसतो, जमिनीखाली आडव्या गेलेल्या मुळातून फुटलेला असतो. पळसही असाच मुळांवरून फुटतो. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी जाड साल आतला जिवंत थर आगीपासून राखते. कुंभाही आगीला दाद देत नाही.

अमेरिकेच्या रॉकी पर्वतात ॲस्पेन हे झाड मुळांतून फुटण्याच्या याच बळावर टिकून आहे. उंचावरचं सूचिपर्णी जंगल जळालं की सावली हटते, जमीन तापते आणि ॲस्पेनच्या मुळांतून धुमाऱ्यांचं दाट रान उठतं. युटा राज्यातला ‘पांडो’ हा सुमारे ४३ हेक्टरांवर पसरलेला ॲस्पेनचा समूह मुळात एकच झाड आहे; त्याची खोडं मात्र सुमारे ४७,०००. इथल्या गुरांसारखीच तिथे हरणं आणि एल्क कोवळे धुमारे खाऊन टाकतात, म्हणून त्या रानाच्या काही भागाला कुंपण घालावं लागलं.

फरक आहे तो सवडीचा. यलोस्टोनसारख्या जंगलात दोन मोठ्या आगींमध्ये १०० ते ३०० वर्षं जातात. इथे एकच पावसाळा मध्ये असतो. मुळं साठवलेलं अन्न खर्चून कोंब काढतात, ते कमरेएवढे होतात आणि साल जाड होण्याआधीच पुन्हा जळतात. असं वर्षानुवर्षं झालं की मुळांचा साठा आटतो आणि डोंगरावर गवत तेवढं उरतं. ‘रान काय, पुन्हा येतंच’ असं म्हणून गप्प बसण्याची सोय म्हणूनच राहिलेली नाही.

उघड्या उतारावरची राख आणि माती पहिल्याच मोठ्या पावसात ओढ्याला लागते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावात दरडीखाली ८०हून अधिक माणसं गेली. त्या दरडीचा दोष वणव्यावर टाकता येणार नाही. पण ज्या तालुक्याने ते पाहिलं, त्याला उतारावरची माती धरून ठेवणारं एकेक मूळ मोलाचं वाटायला हवं.

राखीव वनात आग लावणं १९२७च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे. इथली बरीच रानं मात्र खासगी मालकीची, त्यामुळे राखण गावालाच करावी लागणार. जानेवारीतच गावाच्या वरच्या अंगाला जाळरेषा, म्हणजे गवत काढलेले मोकळे पट्टे, काढाव्यात. भाजावळ वारा पडलेला असताना, शेजाऱ्यांना सोबत घेऊन आणि राबाभोवतीचं गवत साफ करूनच करावी. जळालेल्या उतारावर निदान तीन वर्षं गुरं सोडू नयेत. एका बुडाला दहा कोंब असतील तर दोन जोमदार राखून बाकीचे काढावेत. रोपांसाठी मिळणाऱ्या पैशांतला काही भाग फेब्रुवारी ते मे या काळात गावातल्याच तरुणांना राखणीची मजुरी म्हणून द्यावा. वृक्षारोपणाचा ठराव घेताना ग्रामसभांनी हा खर्च त्यातच धरावा.