चेहऱ्यास उजेड द्यावा, रंग देऊं नये

वर्गाचें सामुदायिक छायाचित्र हातीं आलें म्हणजे प्रत्येक विद्यार्थी प्रथम स्वतःचा चेहरा शोधतो, हें स्वाभाविक आहे. परंतु तो सर्वांसच सारखा सांपडतो असें नाहीं. पुढच्या रांगेंत उन्हांत बसलेल्या मुलाचा पांढरा सदरा झगझगीत दिसतो, आणि मागें झाडाच्या सावलींत उभ्या असलेल्या सांवळ्या मुलाचे नाक-डोळेहि ओळखूं येत नाहींत. यांत दोष त्या मुलाचा नव्हे. कॅमेरा साधारणपणें सबंध चित्राकरितां प्रकाशाचें एकच माप धरतो. ज्याच्या वांट्यास प्रकाश कमी आला, त्याचा चेहरा काळोखांत बुडतो. चित्राचा तेवढाच भाग निवडून ही उणीव दूर करण्याची सोय आतां संगणकावर आणि मोबाईलवर झालेली आहे. ती कशी वापरावी व कोठें थांबावें, याविषयीं आमचें मत आम्ही येथें मांडीत आहों.

ही कला नवी नव्हे. फिल्मच्या काळीं अंधारखोलींत निगेटिव्हवरून कागदावर प्रकाश सोडतांना कारागीर तारेच्या टोकास लावलेली पुठ्ठ्याची चकती मध्यें धरून एखादा भाग उजळ ठेवीत. आणि हाताच्या फटींतून अधिक वेळ प्रकाश सोडून दुसरा भाग गडद करीत. १९९० सालीं बाजारांत आलेल्या फोटोशॉप या सॉफ्टवेअरमध्यें या दोन क्रियांचीं चिन्हें आजहि चकती व हात हींच आहेत. अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनीं १९४१ सालीं न्यू मेक्सिकोंतील हर्नांडेझ या खेड्यावर उगवलेल्या चंद्राचें प्रसिद्ध छायाचित्र घेतलें. त्याच्या प्रती काढतांना ते पुढें अनेक वर्षें आकाश अधिकाधिक काळें करीत गेले; परंतु चंद्र, खेडें व थडग्यांवरील क्रूस जेथल्या तेथेंच राहिले.

आजची रीत अशी आहे. ज्या भागांत फरक करावयाचा, तो ब्रशनें किंवा लॅसोनें निवडावयाचा. म्हणजे त्याचा मास्क तयार करतां येतो. मास्क जेथें पांढरा तेथें फरक लागू होतो, जेथें काळा तेथें होत नाहीं, आणि जेथें करडा तेथें अर्धवट होतो. निवडीची कड मृदु ठेवावी लागते, हिला फेदर म्हणतात; नाहीं तर चेहरा कापून चिकटविल्यासारखा दिसतो. मग त्या भागांतल्या सावल्या हळूहळू उजळावयाच्या. जिंपसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येंहि हें सर्व करतां येतें. मात्र याला एक मर्यादा आहे. साध्या जेपेग चित्रांत प्रत्येक बिंदूच्या तांबड्या, हिरव्या व निळ्या घटकांस ० पासून २५५ पर्यंतचा अंक असतो. जेथें तिन्ही अंक ० झाले, तेथें उजळून वर आणावयास कांहींच उरत नाहीं. म्हणजे प्रामाणिक दुरुस्ती ही कॅमेऱ्यानें टिपलेलें, पण आपल्या डोळ्यांस न दिसणारें, तेवढेंच वर आणते; नवें कांहीं घालीत नाहीं. आमच्या मतें हीच न्यायाची सीमा होय.

ही सीमा ओलांडण्यास चित्रांतील वस्तु हलवावी लागतेच असें नाहीं. २७ जून १९९४ च्या टाइम या अमेरिकन साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर, खुनाचा आरोप असलेले ओ. जे. सिम्प्सन यांचें पोलिसांनीं घेतलेलें छायाचित्र बरेंच काळें करून छापलें होतें. न्यूजवीकनें त्याच वेळीं तेंच छायाचित्र तसा फेरफार न करितां छापल्यामुळें दोन्ही अंक शेजारीं ठेवतांच फरक उघड झाला. कृष्णवर्णी आरोपीस अधिक काळा दाखविणें म्हणजे न्यायालयाच्या आधींच त्यास भयंकर ठरविणें होय, अशी कडक टीका तेव्हां झाली.

आमच्याकडे हा अन्याय उलट दिशेनें चालतो. लग्नाचा बायोडेटा असो कीं ओळखपत्र असो, 'जरा उजळ करा' अशी विनंति फोटोच्या दुकानांत ऐकूं येते. आणि कित्येक मोबाईलचे फिल्टर त्वचा गुळगुळीत व फिकट करून ठेवितात. १९७५ सालीं भारतांत आलेल्या फेअर अँड लव्हली या क्रीमचें नांव २०२० सालीं ग्लो अँड लव्हली असें झालें. परंतु डबीवरचें नांव बदलल्यानें घरांतली नजर बदलत नाहीं.

कोणी म्हणतील, फोटोकरितां आपण केंस विंचरतोंच, मग एवढेंहि कां नको? पण विंचरलेले केंस आपलेच असतात. चेहऱ्यावरची पुटकुळी आठवड्यानें आपोआप जाते, ती पुसल्यानें कोणाचें बिघडत नाहीं. अंगाचा रंग मात्र जन्माचा सोबती आहे. आई मुलीच्या फोटोवर बोट फिरवून तो पुसते, तेव्हां शेजारीं बसलेली मुलगी काय शिकते? आईस लोकांना जी मुलगी दाखवावयाची आहे ती मी नव्हे, हेंच ती शिकते. असा धडा पुसून काढण्याचें सॉफ्टवेअर अद्याप निघालेलें नाहीं.

विद्यार्थ्यांस आमची सूचना अशी कीं, मूळ फाइल जशीच्या तशी ठेवून दुरुस्ती प्रतीवर करावी. चेहरा उजळल्यावर त्याच उजेडांत असलेली त्याच व्यक्तीची मान व हात पाहावेत. चेहरा एका रंगाचा आणि हात दुसऱ्या रंगाचा दिसला, तर तुम्हीं उजेड न देतां रंग दिला असें समजावें. वर्गाचें छायाचित्र दुरुस्त करण्याचें काम ज्यांच्याकडे येईल, त्यांनीं सर्वांत अधिक सावलींत असलेल्या चेहऱ्यापासून आरंभ करावा. तो आहे तसाच सांवळा राहून त्याचे डोळे व हसूं दिसूं लागलें, म्हणजे हात थांबवावा. आणि पालकांनीं दुकानांत गेल्यावर 'उजळ करा' असें न म्हणतां 'स्पष्ट करा' एवढेंच म्हणावें. आपल्या मुलास लोकांनीं ओळखावें, याहून अधिक कांहीं छायाचित्राकडे मागण्याची गरज नाहीं.