चोखंदळपणा साडीपुरताच का?

साडीच्या दुकानात आपण बायका कशा वागतो, आठवून बघा. पदर उलगडायला लावतो, पोत बोटांत चुरगाळून बघतो, उजेडात नेऊन रंग पारखतो. चाळीस साड्या बघून एकही न घेता बाहेर पडायला आपल्याला काही वाटत नाही! आणि त्याच आपण मिक्सर घ्यायला गेलो की? 'जरा वेगळा रंग दाखवा हो,' एवढं बोलून गप्प. बाकी वॅट, गॅरंटी, किंमत सगळं 'हे' बघणार!

दुसऱ्यांना कशाला नावं ठेवू? ही चूक मी स्वतः केली आहे. आमच्या बचत गटानं मसाले करून विकायचं ठरवलं. कर्ज मंजूर झालं. मसाल्याची चक्की घ्यायला अध्यक्ष, सचिव आणि मी अशा तिघी गेलो. चकचकीत स्टीलची, शिवाय सवलतीत मिळणारी चक्की पसंत करून आलो. जन्मभर मिरची कुटत आलेल्या गटातल्या मावशी तिच्याकडं बघतच राहिल्या. म्हणाल्या, "बाई, हिच्या तोंडाशी माझा हात कसा पोचायचा?" खरंच की! मिरची टाकायचं तोंड त्यांच्या डोक्याच्याही वर. मग स्टुलावर चढून, एका हातानं भिंत धरून त्या मिरची ओतू लागल्या. दुसऱ्याच महिन्यात पाय घसरला आणि मनगट मोडलं. दीड महिना त्यांची मजुरी बुडाली, कर्जाचा हप्ता मात्र थांबला नाही.

शेवटी सुताराकडून रुंद पायऱ्यांचा लाकडी कठडा करून घेतला. ही कल्पना कुणाची? मावशींचीच! मग दुकानात त्यांना का नेलं नाही? 'त्यांना यंत्रातलं काय कळणार,' असं आम्हा शिकलेल्या बायकांनाच वाटलं होतं. ते मनगट बघितलं की अजून मला अपराधी वाटतं.

यंत्रातलं बाईला किती कळतं, याची साक्ष आपल्या ओट्यावरच आहे. १९६०च्या सुमाराची गोष्ट. सत्यप्रकाश माथूर हे सीमेन्स कंपनीत इंजिनीअर होते. त्यांच्या पत्नी माधुरीताईंकडं जर्मन बनावटीचा मिक्सर होता. एक दिवस त्याची मोटर जळाली. जळणारच! फळांचा रस काढणं, अंडी-मैदा फेटणं यासाठी ते यंत्र उत्तम. पण आपलं वाटण म्हणजे काय चेष्टा आहे? भिजलेली उडदाची डाळ वाटताना घट्ट होत जाते, सुकं खोबरं तेल सोडून पात्याला चिकटतं, हळकुंड तर दगडासारखं. पातं अडखळलं की मोटर जास्त वीज खेचते, तापते आणि शेवटी जळते. आपल्या स्वयंपाकाला टिकेल असं यंत्र करून दाखवा, असं माधुरीताईंनी नवऱ्याला आव्हान दिलं. त्यातून १९६३ साली 'सुमीत' मिक्सर बाजारात आला. सुमीत म्हणजे चांगला मित्र. पाट्या-वरवंट्यापुढं वाकून बसणाऱ्या कितीतरी बायकांचा तो खरोखरच मित्र झाला. या शोधाची सुरुवात एका गृहिणीच्या तक्रारीतून झाली, हे विसरू नका.

अशीच एक गोष्ट जपानमधली. तिथं पहाटे उठून चुलीवरच्या भातापाशी बसावं लागे. विजेवर आपोआप शिजणारा भात अनेकांना जमला नव्हता. तोशिबा कंपनीनं हे काम योशितादा मिनामी या छोट्या कारखानदाराकडं सोपवलं. भात रांधून रांधून परीक्षा घेण्याचं काम केलं त्यांच्या पत्नी फुमिको यांनी. घरात सहा मुलं, तरी त्या पुन्हा पुन्हा भात शिजवत, आतली उष्णता मोजत, टिपणं ठेवत. त्यातून युक्ती सापडली ती भांड्यात भांडं ठेवायची. बाहेरच्या भांड्यात मोजून पाणी. साधारण वीस मिनिटांत ते आटलं की उष्णता एकदम वाढते आणि कळ आपोआप बंद होते. १९५५ साली हा कुकर विक्रीला आला. विजेचं गणित मिनामींचं, पण भात नीट झाला की नाही, हे ठरवणारी जीभ फुमिकोंची!

मैत्रिणींनो, चोखंदळपणा म्हणजे नुसती हौस नव्हे. ते हाताला आलेलं ज्ञान आहे. आपल्या आज्या वरवंटा हातात तोलून बघितल्याशिवाय घेत नसत. पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावून घेत. वस्तू देखणी हवीच, पण हाताला त्रास देणारी वस्तू देखणी कशी म्हणायची?

म्हणून आता दुकानात गेलात की साडीसारखंच यंत्रही पारखा. भांडं उचलून बघा. ओल्या हातानं झाकण उघडतं का, पात्याखालचं वाटण धुऊन निघतं का, बिघडलं तर आपल्या गावात दुरुस्त होतं का, हे विचारा. दुकानदार वैतागला तर वैतागू दे, साडीवाला नाही का सोसत! गटासाठी यंत्र घेणार असाल तर ते चालवणारीला आधी न्या आणि तिचं मत शेवटचं माना. कंपन्यांनाही एकच सांगणं आहे. जाहिरातीत बाईला हसत उभी करता, तशी यंत्राचा आराखडा करतानाही तिला शेजारी बसवा.

आमच्या गटानं पुढं पॅकिंगचं यंत्र घेतलं, तेव्हा दुकानात सगळ्यांत आधी मावशी शिरल्या. तीन यंत्रं त्यांनी नापसंत केली. चौथ्याचा दांडा दोनदा ओढून बघितला आणि म्हणाल्या, "हे घ्या." अजून ते यंत्र बिनतक्रार चालतंय!