दहा हजार म्हणजे नक्की किती?



सुट्ट्या जवळ आल्या की या सदराकडे येणारे प्रश्न बदलतात. एरवी 'कोणता लॅपटॉप घेऊ?' असं विचारणारे लोक आता 'पॉवर बँक कितीची घेऊ?' असं विचारतात. यंदा त्यात एक तक्रार बरेचदा आली: 'फोनची बॅटरी ५,००० ची, पॉवर बँक १०,००० ची. म्हणजे फोन दोनदा पूर्ण भरायला हवा. इथे जेमतेम दीड वेळा भरतो. दुकानदाराने फसवलं का?'

बहुतेक वेळा नाही. पण काही वेळा हो, आणि तेव्हा प्रश्न फक्त पैशांचा राहत नाही. या दोन्हींतला फरक घरबसल्या ओळखता येतो. त्यासाठी गणित पाचवीचं पुरतं.

विषय किरकोळ वाटत असेल, तर बडोद्याहून रात्रीच्या गाडीने पुण्याला निघालेले आई-बाबा डोळ्यांसमोर आणा. तिकीट फोनमध्ये, पैसे फोनमध्ये, स्टेशनवर घ्यायला येणाऱ्या भाच्याचा नंबरही फोनमध्येच. डब्यातले चार्जिंग पॉइंट रात्री ११ ते पहाटे ५ बंद ठेवायचा रेल्वेचा नियम आहे. अशा वेळी त्यांचा सगळा भरवसा आपण हौसेने घेऊन दिलेल्या त्या डबीवर असतो. तेव्हा तिच्यावरच्या आकड्याचा अर्थ आपल्याला कळायलाच हवा.

तो आकडा असतो एमएएचमध्ये, म्हणजे मिलिअँपिअर-अवरमध्ये. किराणा दुकानाचं उदाहरण घेऊ. एमएएच म्हणजे पिशव्यांची संख्या, आणि व्होल्ट म्हणजे एका पिशवीत किती धान्य मावतं ते. नुसत्या पिशव्या मोजून घरात किती धान्य आलं ते कळत नाही. दहा पिशव्या म्हटल्यावर कोणीही विचारेल, 'केवढ्या?' पॉवर बँकच्या खोक्यावर हाच 'केवढ्या' बारीक अक्षरात असतो.

पॉवर बँकच्या आत लिथियमचे सेल असतात. त्यांचा व्होल्टेज साधारण ३.७ असतो. खोक्यावरचे मोठ्या अक्षरातले १०,००० हे या ३.७ च्या पिशव्यांचे आहेत. फोनला जोडायची साधी यूएसबी वायर मात्र ५ व्होल्टने देते. म्हणजे आतलं धान्य मोठ्या पिशव्यांत पुन्हा भरावं लागतं. १०,००० ला ३.७ ने गुणा आणि ५ ने भागा. उत्तर येतं ७,४००. धान्य तेवढंच आहे, पिशव्या कमी झाल्या. इथपर्यंत कोणी फसवलेलं नाही.

भरताना थोडं सांडतंच. व्होल्टेज बदलणाऱ्या सर्किटमध्ये साधारण १० ते १५ टक्के ऊर्जा उष्णता होऊन जाते. म्हणून तर चार्जिंग करताना पॉवर बँक कोमट लागते. ७,४०० मधून तेवढे वजा केले की ६,३०० च्या आसपास उरतात. चांगल्या कंपनीची १०,००० ची पॉवर बँक उलटी करून पाहा. बारीक अक्षरांत 'रेटेड कपॅसिटी' आणि पुढे साधारण ५,५०० ते ६,५०० च्या मधला एखादा आकडा दिसेल. तो खरा कामाचा आकडा. तो छापणारी कंपनी आपल्याला फसवत नाही. ती खरं बोलते आहे, फक्त हळू आवाजात!

आता फोनकडे येऊ. इथे पिशव्या बाजूला ठेवून सरळ धान्यच मोजू. त्याचं माप म्हणजे वॉट-अवर, लेबलवर डब्ल्यूएच. बी.ई.च्या पहिल्या वर्षी शिकलेल्या सूत्रांपैकी घरात सगळ्यात जास्त उपयोगी पडणारं हेच: एमएएचला १,००० ने भागा, व्होल्टने गुणा, झाले वॉट-अवर. १०,००० ची पॉवर बँक ३७ वॉट-अवरची. त्यातले बाहेर पडतात ३१-३२. ५,००० च्या फोनची बॅटरी साधारण १९ वॉट-अवरची असते. ती भरताना फोनमध्येही थोडी गळती होते, म्हणून एकदा पूर्ण भरायला २१-२२ लागतात. ३१ ला २२ ने भागा: दीड वेळाही नाही. चार्जिंग चालू असताना नातवंडं त्यावर व्हिडिओ पाहत असतील, तर आणखी कमी. तेव्हा दीडच्या जवळपास पोचणारी पॉवर बँक प्रामाणिक आहे. तक्रार मागे घ्यायला हरकत नाही.

विमानतळावरही वॉट-अवरच विचारतात. पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, हातातल्या सामानातच ठेवावी लागते. १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते, त्यावर बंदी. २०,००० ची पॉवर बँक ७४ वॉट-अवरची, म्हणजे काळजी नाही. २७,००० ची ९९.९, जेमतेम आत. ३०,००० ची १११, म्हणजे काउंटरवर वादावादी. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिल २०२५ पासून आणि एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायलाही बंदी घातली आहे. एमिरेट्सला तर तिच्यावर क्षमता छापलेली असणंही लागतं. दुबईला मुलीकडे निघालेल्या काका-काकूंच्या पॉवर बँकवरचं लेबल घासून पुसट झालं असेल, तर ती घरीच ठेवा.

आता खरोखरच्या फसवणुकीकडे वळू. साबणाच्या वडीएवढी पॉवर बँक, त्यावर ठसठशीत '५०,०००', आणि किंमत तीन-चारशे रुपये. हे गणित करून पाहू. ५०,००० म्हणजे १८५ वॉट-अवर. लिथियमच्या चांगल्यात चांगल्या नेहमीच्या सेलमध्ये किलोमागे साधारण २५० वॉट-अवर मावतात. म्हणजे नुसत्या सेलचंच वजन ७०० ग्रॅमच्या वर जायला हवं. हातातली डबी २०० ग्रॅमची असेल, तर आकडा खोटा आहे. आणि खरा असता, तर ती विमानात घेताच आली नसती.

यासाठी स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरे. १०,००० ची पॉवर बँक साधारण १८० ते २५० ग्रॅम, २०,००० ची ३५० ते ४५० ग्रॅम भरते. फारच हलकी असेल तर नक्की गडबड आहे. उलट मात्र खरं नाही. वजन दिसावं म्हणून आत वाळू भरलेल्या पॉवर बँकही सापडल्या आहेत. म्हणून वजनाबरोबर दुसरी तपासणीही करा. आपल्याकडे पॉवर बँकला बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. लेबलवर इंग्रजी 'आर' अक्षराने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' या सरकारी ॲपमध्ये तो टाकला की कंपनीचं नाव दिसतं. लेबलवरचं नाव आणि ॲपमधलं नाव जुळायला हवं.

एवढी खटपट कशासाठी? आकड्यात खोटं बोलणारा आतल्या सेलबाबत आणि सुरक्षेच्या सर्किटबाबत खरं बोलेल, याची खात्री कोण देणार? लिथियमची बॅटरी बिघडली तर पेट घेऊ शकते, आणि आपण ती रात्री उशाशी ठेवून झोपतो. पुण्याच्या गाडीत आईच्या पर्समध्येही तीच असते. तीन-चारशे रुपये वाचवायची ही जागा नव्हे.

मग घ्यायची कितीची? एक फोन आणि एका दिवसाचा प्रवास असेल तर १०,००० ची पुरते. दोघांचे फोन आणि दोन दिवस असतील तर २०,००० ची. त्याहून मोठी बहुतेक घरांना लागत नाही. महिनोन् महिने कपाटात ठेवायची असेल तर अर्धी भरून ठेवा. मे महिन्यात बंद गाडीत विसरू नका. पोट फुगलेली दिसली तर तिचा वापर त्याच क्षणी थांबवा, आणि कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

या रविवारी घरातल्या सगळ्या पॉवर बँक टेबलावर मांडा. मुलांना हिशेब करू द्या, आजोबांना भिंग द्या आणि वजनकाटा आईकडून मागून घ्या. कोणती पास झाली, कोणती नापास, ते मला जरूर कळवा.