डोपामिनवर खापर कशाला?

इंदिरानगरच्या बोगद्याजवळ उलट्या दिशेने दुचाकी घालणारी पोरे 'डोपामिनची गुलाम' झाली आहेत, असे एका वक्त्याने नुकतेच ठणकावून सांगितले. डोपामिन म्हणजे सुखाचे रसायन; मोबाइलमुळे ते उसळते, भीती मरते आणि पोरे ट्रकसमोर गाडी घालतात. उपाय काय, तर 'डोपामिनचा उपवास'. टाळ्याही पडल्या.

मुळात हे सुखाचे रसायनच नव्हे. मेंदूशास्त्रज्ञ केंट बेरिज यांच्या प्रयोगांत, मेंदूतले जवळजवळ सगळे डोपामिन नष्ट केलेले उंदीर अन्नाकडे फिरकेनात. पण जिभेवर साखरेचे पाणी सोडले की ते पूर्वीसारखेच चवीने चाटत. गोडी शाबूत होती, ओढ गेली होती. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या प्रयोगांतल्या माकडांना अवचित रस मिळाला की डोपामिनच्या पेशी जोरात चेतत. दिव्यानंतर रस येतो हे कळल्यावर त्या दिव्यालाच चेतू लागल्या. दिवा लागूनही रस आला नाही, तर तो यायच्या नेमक्या क्षणी थंडावल्या. अपेक्षा आणि अनुभव यांतली तफावत टिपायची, तिच्यातून शिकायचे, हे त्यांचे काम. शिवाय या सगळ्या पेशी एका जातीच्या नाहीत. उंदरांत मेंदूतल्या स्ट्रायटम या भागाच्या मागच्या टोकाशी पोचणाऱ्या पेशी धोका जाणवताच चेततात आणि त्यापासून दूर राहायला शिकवतात. मग डोपामिनने भीती मरते, हे आले कुठून?

बोगद्याजवळ पाच मिनिटे उभे राहा. उलटे येणाऱ्यांत नातवाला शाळेत सोडणारे आजोबा असतात, भाजीची पिशवी हँडलला अडकवलेल्या काकू असतात. वाहतूक पोलिसाचा पांढरा शर्ट दिसला की हीच मंडळी मुकाट गाडी वळवतात. भीती जिवंत आहे. वळसा रोज वाचतो, अपघात रोज होत नाही, दंडाचा नेम नाही. मेंदू अनुभवातून हेच शिकला.

उपवासाबद्दल एवढेच: डोपामिन खरोखर घटले की काय होते, ते पाऊल उचलता न येणाऱ्या पार्किन्सनच्या रुग्णाच्या घरी जाऊन पाहा.

खापर फोडण्याची ही खोड जुनी आहे. आधी सिनेमा, मग व्हिडिओ गेम, आता रसायन. रस्ता मात्र कोणी बदलला नाही.

दंड लहान असो, पण रोज, त्याच जागी, हटकून व्हावा. कायदेशीर वळण जवळ मिळावे. इंदिरानगरकरांनी महापालिकेकडे आणि वाहतूक पोलिसांकडे हे दोन्ही लेखी मागावे.